कडू कागद

आमच्या घरात ज्ञानेंद्रियांची वाटणी झालेली होती. नाक गोदाआत्याकडे होतं, कान बाबांकडे, डोळे आणि हात मायकडे. उरली जीभ, ती माझ्या वाट्याला आली. तिचा उपयोग मी चव घेण्यापेक्षा बोलण्याकडेच जास्त केला, आणि एका उन्हाळ्यात त्यापायी घरावर काय ओढवलं ते आता सांगायला हरकत नाही. ज्यांनी मला मारलं असतं ती माणसं आता राहिली नाहीत, आणि माझं हसं व्हायचं ते माझ्या नातवंडांपर्यंत होऊन गेलं आहे.

गोदाआत्या ही बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी परत आली आणि आली ती ओट्यावरच्या खांबाला टेकून बसली. तिथून तिला अख्खी गल्ली वासाने दिसायची. ‘कमळीनं आज अंबाडी शिजाले टाकली, अन् खाली लागू देली,’ असं ती म्हणायची, आणि थोड्या वेळाने शेजारची कमळाकाकू राखेने पातेलं घासताना दिसायची. कोणी बिडी ओढून वर बडीशेप चघळली, कोणाच्या घरी पाहुणे आले, हे तिला नाकानेच कळे. एकदा मी अमडापूरच्या बाजारात चोरून आमलेट खाल्लं. आमच्या घरात अंड्याचं नावही काढत नसत. म्हणून वाटेत पान खाल्लं, नाल्यात अंघोळ केली, कपडे वाळवले आणि मग घरी आलो. पायरीवर पाय ठेवताच आत्या म्हणाली, ‘अंडं खाऊन आला का बे, अरुण्या?’ मध्यंतरी कोरोनात मला वास येईनासा झाला होता तेव्हा डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका, परत येईल. मी काळजी करतच नव्हतो. शेजाऱ्याच्या घरात काय शिजतंय हे कळेनासं झालं की माणूस किती निर्मळ राहू शकतो, ते मला त्या दिवसांत कळलं.

बाबांचे कान शेतकऱ्याचे. बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू सैल झालं तरी त्यांना खोलीतून कळे. चिखलीकडून येणारी एस.टी. नाल्यापलीकडे असतानाच, आज ड्रायव्हर कोण आहे ते सांगत. फक्त मायने चुलीपासून मारलेली हाक त्यांना कधी ऐकू आली नाही. त्यामागे कानाचा काय दोष असतो ते मी लग्नानंतर शिकलो. बाबांच्या जिभेबद्दल मात्र सांगण्यासारखं काही नाही, कारण ती असल्याचा पुरावाच नव्हता. पातोडीचा रस्सा असो की नुसता ठेचा, ते सारख्याच चेहऱ्याने जेवत. माय विचारी, ‘भाजी कशी झाली?’ बाबा ताटाकडे बघून, भाजी होती याची खात्री करून म्हणत, ‘झाली.’

आणि मायला तर चाखायची सोयच नव्हती. आमच्या घरात स्वयंपाक चाखून बघायचा नाही, असा फार जुना रिवाज. आधी देवाला निवद, मग बाबा, मग आम्ही, मग आत्या, मग माय. तोवर बोटाला लागलेलं मीठसुद्धा तिने जिभेला लावलं नाही. रस्सा उकळताना त्याचा आवाज जड झाला की ती चुलीतलं लाकूड ओढायची, भाकरी तव्यावर फुगताना कान द्यायची, चिमटीने मीठ टाकायची. हे सांगितलं की भाबडी माणसं डोळे पुसतात. पुसू नयेत. कारण अधूनमधून वरणात मीठच नसे, आणि देवासकट सगळे जेवून उठेपर्यंत ते तिला कळत नसे. देव बोलत नव्हता, बाबांना समजत नव्हतं, मी बोलण्यात गुंतलेला असे, आणि आत्या मात्र जेवण संपेपर्यंत थांबून, हात धुताना सांगायची.

अशा घरातून मी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेलो. घराण्यातला पहिलाच, त्यामुळे माझं डोकं वर्षभर हवेत होतं. आमच्या जीवशास्त्राच्या सरांना आम्ही ‘पूर्णविराम’ म्हणायचो, कारण ते नोट्स उतरवून देताना विरामचिन्हंही सांगत. ‘फुलपाखरू पायांनी चव घेते पूर्णविराम. साप जीभ बाहेर काढून हवेतला वास गोळा करतो पूर्णविराम.’ सापाचं वाक्य उतरवताना मला आत्या आठवली. मांगूर माशाच्या अंगभर चवीच्या कळ्या असतात, हे कळलं तेव्हाही आत्याच आठवली. सुट्टीत घरी आलो की हे ज्ञान मी ताटावर बसून वाढायचो.

‘माय, फुलपाखरू पायानं चव घेते.’

‘मंग त्याले जेवाच्या आंधी पाय धुवाच लागत असतीन,’ माय म्हणाली.

‘अन् मानूस कायनं चव घेते बे?’ आत्याने विचारलं.

‘जिभेनं.’

‘हे शिकाले तुले तालुक्याले पाठवलं का?’

त्या वर्षी प्रॅक्टिकलला कडू कागदाचा प्रयोग होता. एक रसायन असतं. त्याचं नाव एवढं लांब की परीक्षेतही मला ते धड लिहिता आलं नाही. त्यात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी जिभेवर ठेवली की काही जणांना ती जहर कडू लागते आणि काही जणांना तो नुसताच कागद लागतो. ज्याची त्याची जीभ आईबापांकडून येते. आधी एक कोरी पट्टी द्यायची, मग औषधाची. म्हणजे माणूस साध्या कागदालाच कडू म्हणत नाही ना, ते कळतं. सरांनी पट्ट्या वाटायच्या आधीच फळ्यावर निष्कर्ष लिहून ठेवला, वेळ वाचावा म्हणून. मला कडू लागलं. माझ्या शेजारच्या पोराला काही लागेना. तेव्हा त्याने फळ्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. आणि मग सरांनी ते वाक्य उतरवून दिलं: ‘दोन्ही पालकांना कडू लागत नसेल तर त्यांच्या अपत्याला कडू लागणार नाही पूर्णविराम.’ माझा घात केला तो या शेवटच्या शब्दाने.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या पट्ट्या खिशात घालून घरी आलो. एका पुडीत कोऱ्या, दुसरीत औषधाच्या. बाबा अंगणात दोर वळत बसले होते. त्यांना कोरी पट्टी दिली, ती ते चावून गिळून बसले. ‘कशी लागली?’ ‘कशी लागन? कागदासारखी.’ मग औषधाची दिली. तीही गेली. ‘हाबी कागदच हाय. मी उपाशी दिसून राह्यलो का तुले?’ माय चुलीपाशी होती, हात पिठाने भरलेले. ‘ठेव तिथं परातीच्या बाजूले,’ ती म्हणाली. थोड्या वेळाने मी पुन्हा गेलो. ‘झाला का वं कागद?’ ‘झाला.’ ‘कसा लागला?’ ‘कसा लागते? काहीच नाही.’ आत्याने मात्र, ‘म्या काय बकरी हाव का?’ असं म्हणून तोंड फिरवलं. उरलेल्या पट्ट्या घेऊन मी गोठ्यात गेलो. बैलाला कडू कळतं का, हा प्रश्न सरांनी घेतला नव्हता. ढवळ्याने औषधाच्या पट्ट्या पुडीसकट खाल्ल्या, माझा हात चाटला आणि आणखी आहे का ते खिशाला हुंगून पाहिलं. कोऱ्या पट्ट्यांची पुडी मी वर धरली म्हणून वाचली.

मग तिथेच गव्हाणीवर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबांना नाही लागत. मायला नाही लागत. मला लागतं. पूर्णविराम.

लहानपणापासून आत्या मला चिडवायची, ‘तुले शेगावच्या स्टेशनावरून उचलून आणलं, तुही खरी माय गाडीतच राह्यली.’ घरोघरी पोरांना असंच काहीतरी सांगतात आणि घरोघरी पोरं रडून मोकळी होतात. मी मात्र बी.एस्सी. होतो. चिडवणं आता मला पुरावा दिसू लागलं. मी आरशात नाक पाहिलं. ते बाबांचं नव्हतं. (ते आत्याचं होतं, पण विज्ञानाला नको असलेला पुरावा दिसत नाही.) त्या दिवसापासून मी या घरात परका, पण उपकार जाणणारा असा वागू लागलो. आपलं ताट आपण धुऊ लागलो. बाबांनी भाकरी पुढे केली की मान लववून घेऊ लागलो. माय म्हणाली, ‘या पोट्ट्याले ताप त नाही आला?’ शेवटी मला राहवेना. मी ओट्यावर जाऊन, सहज विचारल्यासारखं करून विचारलं, ‘आत्या, मी झालो तवा तू इथं होती का?’

आत्याचं नाक हललं. ‘काऊन बे?’

तिने एकेक प्रश्न विचारून मला सोलून काढलं. मी कागद, जीभ, आईबाप, सगळं सांगितलं. ‘पुस्तकात लिवलं हाय?’ तिने विचारलं. ‘हाव.’ ‘छापेल?’ ‘छापेल.’ खरं तर ते उतरवून दिलेलं होतं, पण आपल्या दुःखाला छापील आधार असावा असं मला वाटलं.

‘पोटातून त तू तुह्या मायच्या, शांतीच्याच निंगाला,’ आत्या हळूहळू म्हणाली. ‘म्या सोता पाह्यलं.’ मग ती थांबली, अंगणात दोर वळणाऱ्या बाबांकडे तिने एकदा पाहिलं, आणि म्हणाली, ‘हं.’

मी अजून शेगावच्या स्टेशनावरच बसलो होतो. आत्या पुढच्या गावाला पोचली होती. माय खरी असेल तर मग खोटा कोण, हा हिशेब मला तेव्हा सुचलाच नाही. तो आत्यामार्फत गिरणीवर पोचला आणि गावाला सुचला. माय ज्वारी दळायला गेली तर बायका बोलता बोलता थांबल्या. एकीने विचारलं, ‘तुहा पोरगा कोनावर गेला वं, शांता?’ आणि बाकीच्या गिरणीच्या पट्ट्याच्या फडफडाटात हसल्या. माय घरी आली, पीठ उतरवलं आणि चुलीपाशी बसली. भाकरी थापण्याचा तिचा आवाज मात्र बदलला. रोज थापीमागे थाप सारखी पडायची. त्या दिवशी एक पडे, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. तो आवाज ऐकताना मला अखेर कळलं की मी माझा बाप गमावला नव्हता, मायचं नाव घालवून बसलो होतो. आणि गावात बाईचं नाव गेलं की ते परत आणायला कोणी जात नाही. मी आत्याकडे धावलो. ‘आत्या, पुस्तकात चूक असू शकते.’ ‘असं कसं?’ ती म्हणाली. ‘छापेल हाय ना?’

पापडांचा दिवस ठरलेला होता. एरवी बोलावून न येणाऱ्या बायकाही त्या दिवशी पोळपाट-लाटणं घेऊन हजर झाल्या. अंगणात उडदाचं पीठ तेल लावून दगडावर कुटलं जात होतं, धप्प धप्प, आणि हिंगाचा वास थेट नाल्यापर्यंत गेला असेल. कुटताना लाटी तोंडात टाकणं हा त्या कामाचा मोबदलाच. सगळ्या चघळत होत्या, माय सोडून. लाटणी फिरत होती, बांगड्या वाजत होत्या, आणि बोलणं नव्हतं. पापडाला बसलेल्या बायका बोलत नाहीत याचा अर्थ काय, हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

शेवटी आत्याने खांब सोडला. ती उठून मध्ये आली.

‘शांते, लोकायच्या तोंडाले काही हात लावता येत नाही,’ ती म्हणाली. ‘आता साऱ्या जनी इथं हायेत. ठेव एकदा तो कागद जिभेवर. कडू लागला त सांग. मिटलं.’

‘अन् नाही लागला त, अक्का?’ मायने विचारलं.

आत्याने पापडांकडे पाहिलं. ‘अरुण्या, आन कागद.’

मी आत गेलो. खिशात कोऱ्या पट्ट्यांची पुडी होती, तेवढीच. औषधाच्या ढवळ्याच्या पोटात गेल्या होत्या. म्हणजे मायने आता पट्टी जिभेवर ठेवली, तर तिची जीभ कशीही असो, तिला काही म्हणता काही लागणार नव्हतं; आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हती. साऱ्या गल्लीसमोर ती म्हणणार, ‘काहीच नाही,’ आणि संपलं. कागद संपले, असं सांगावं म्हणून मी बाहेर आलो. पण मी इतका हुशार की सांगायला येताना पुडी हातात घेऊनच आलो. आत्याने ती हिसकावली.

‘आत्या, तो नाही...’

‘तू चूप बस. बोलला तेवढं लय झालं.’

तिने पट्टी मायपुढे धरली. माय पापड लाटत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

‘नाही ठेवत म्या.’

‘काऊन? भेव वाटते का?’

‘याले पोटात ठेवलं तवा कोनं इचारलं नाही कडू लागते का गोड लागते. आता कागदाले सांगत बसू?’ ती म्हणाली. ‘कमळाबाई, तुमचा पापड फाटून राह्यला. पाह्यजा.’

कमळाकाकूने पापड पाहिला. बाकीच्यांनी एकमेकींकडे. न ठेवणं हेच उत्तर झालं असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि मी, ज्याची जीभ कधी थांबली नाही, तो खांबासारखा उभा होतो. तेवढ्यात फाटक वाजलं. बाबा शेतातून आले होते. ते फाटकाशी कधीपासून उभे होते कोण जाणे. मायची हाक ज्यांना दोन हातांवरून ऐकू येत नसे, त्यांनी या वेळी रस्त्यावरून सगळं ऐकलं होतं, एवढं त्यांच्या चालण्यावरून दिसत होतं.

त्यांनी हात धुतले नाहीत, पाणी मागितलं नाही. आत्याच्या हातातली पट्टी घेतली आणि जिभेवर ठेवली.

ते उभे राहिले. सगळी लाटणी थांबली. मला माहीत होतं की त्यांना काही लागणार नाही. खऱ्या पट्टीनेही लागलं नव्हतं, ही तर कोरी. बराच वेळ त्यांच्या तोंडावर नेहमीचा तो रिकामा चेहरा होता. मग त्यांचे डोळे मिटले, नाक चढलं, गाल आत गेले, आणि पापडांची वाळवण चुकवून ते अंगणाच्या कडेला जोरात थुंकले.

‘थू! जहर हाय, जहर!’

बाबांच्या तोंडावर मी आयुष्यात पाहिलेली ती पहिली चव.

‘त्या दिवशी कसा नाही लागला मंग?’ आत्या म्हणाली.

‘त्या दिवशी तंबाखू होती तोंडात. पानी दे वं, शांता. जीव चालला माहा.’

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग पुडीतली एक पट्टी उचलून स्वतःच्या जिभेवर ठेवली. क्षणभर थांबली. ‘माय वं! कडूच हाय बाप्पा!’ मग कमळाकाकूने एक घेतली आणि तोंड धुवायला रांजणाकडे पळाली. मग एकीला घशापर्यंत कडू गेलं, दुसरीच्या कानाला झिणझिण्या आल्या, तिसरी म्हणाली की एवढी कडू वस्तू पोराने घरात आणलीच कशी. तो कागद कोरा होता. साधा, पांढरा, कॉलेजच्या मस्टरमधून कापलेला कागद. पुढे मी हाच विषय शिकवून निवृत्त झालो, कितीतरी प्रयोग करून घेतले, पण इतका यशस्वी झालेला प्रयोग मी पुन्हा पाहिला नाही. फळ्यावर उत्तर आधी लिहिलेलं असलं की माणसाची जीभ किती समजूतदार होते, हे सरांनी शिकवलं होतं, मला ते अंगणात कळलं. आणि गंमत अशी की आता म्हणतात, ही चवीची वारसदारी तितकी सरळ नसते, कडू न लागणाऱ्या जोडप्याचं पोरही कधी कधी कडूला तोंड वाकडं करतं. म्हणजे सरांचा तो पूर्णविराम विज्ञानाने काढून टाकला. आमच्या गल्लीने तो त्याआधीच थुंकून टाकला होता.

‘बापाचीच जीभ हाय पोराले,’ आत्या म्हणाली. ‘म्या त पयलेच म्हनलं होतं.’ आणि दळण नसताना गिरणीवर गेली.

बायका गेल्यावर मी चुलीपाशी जाऊन उभा राहिलो. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी नेहमीप्रमाणे चुकीचंच बोललो. ‘माय, त्या दिवशी तुले खरंच काही लागलं नाही?’

‘चुलीत टाकला होता म्या तो,’ माय म्हणाली. ‘निवद व्हाचा होता. त्याच्या आंधी मी काही तोंडात घालीन का? एवढा मोठा झाला, तेवढंबी माहीत नाही तुले?’

‘मंग सांगितलं काऊन नाही? आत्याले सांगितलं असतं त...’

‘साऱ्या जनी म्हनत होत्या, ठेव जिभेवर, ठेव जिभेवर. इचारलं कोनं?’ तिने तव्यावरची भाकरी उलटली. ‘जाय, तुह्या बाबाले बोलाव. मी हाका मारून राह्यली केव्हाची.’

बाबा गोठ्यात बैलांना कडबा टाकत होते. मी जाऊन उभा राहिलो. ढवळ्याच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडे न पाहता, त्यांनी विचारलं:

‘तो कागद खरंच कडू असते का बे?’

‘असते, बाबा.’

‘कसा? कारल्यासारखा?’

‘त्याच्याहून जास्त. जिभेवर ठेवला की लगेच.’

बाबांनी कडब्याची पेंढी हातात धरून विचार केला.

‘लगेच?’ ते म्हणाले. ‘मंग मले थुंकाले जरा उशीरच झाला.’